नंतर वाचायची यादी

माझ्या सासूबाईंनी एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं नोकरी केली. वडील गिरणीत, राहणं भांडुपच्या चाळीत, आणि घरातल्या पहिल्या पदवीधर त्या. पुस्तकांच्या नोकरीचा त्यांना अभिमान होता, पण त्या तो कधी बोलून दाखवत नसत. निरोपसमारंभात कुणीतरी म्हणालं, मॅडमना डोळे बांधून आत सोडलं तरी पाहिजे ते पुस्तक आणून देतील. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "डोळे कशाला बांधायला हवेत? जागेवर ठेवलं की सापडतंच."

मी नेमकी उलट. मला फक्त जमवता येतं.

माझ्या फोनमध्ये एक ॲप आहे. नेटवर काही वाचावंसं वाटलं की एक बटण दाबायचं, ते पान त्या ॲपच्या यादीत जाऊन पडतं. सवडीनं वाचायचं. माझं ऑफिस मरोळला. यंत्रं कशी वापरायची याची माहितीपुस्तकं लिहिणं हे माझं काम, त्यामुळे दिवसभर नेटवर शोधाशोध चालते आणि शोधता शोधता भलतंच काहीतरी चांगलं दिसतं. बटण दाबलं की बरं वाटतं. अर्धं वाचल्यासारखंच वाटतं. असं करत पाच-सहा वर्षांत माझ्या यादीत साडेतीन हजार पानं साठली होती. वाचलेली किती, ते ॲपला माहीत होतं. मी बघायला जात नव्हते.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचे गुडघे बदलले. ऑपरेशन छान झालं, पण घरी आल्यावर त्यांचे हाल सुरू झाले ते कंटाळ्यानं. सकाळी व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, ती गेली की आख्खा दिवस समोर. टीव्ही त्यांना आवडत नाही. घरातली पुस्तकं वाचून झालेली. लॉकडाउनमध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅबलेट कपाटात पडून होता. तो मी काढला, त्यावर माझं ते ॲप उघडून दिलं आणि म्हटलं, "आई, हे घ्या. माझी यादी आहे. हवं ते वाचा. वर्षभर पुरेल."

त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "हे लावलंय कशावरून?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या क्रमानं? भेंड्यांच्या भाजीखाली विम्याचं काय आलंय हे?"

"ज्या दिवशी सेव्ह केलं त्या क्रमानं."

"म्हणजे पुस्तकं दारातून आली तशी जमिनीवर रचून ठेवलीस," त्या म्हणाल्या आणि टॅबलेट बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर त्या नातीला शेजारी बसवून शिकत होत्या. आमची लेक तेव्हा नववीत होती. तिनं आजीला दाखवलं की प्रत्येक पानाला टॅग लावता येतो, म्हणजे शब्दाची चिठ्ठी, आणि मग तो शब्द दाबला की त्या चिठ्ठीची सगळी पानं एकत्र येतात. "अगं म्हणजे विषयवार कार्डं!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा इतका खुललेला बघितला.

मग ते सुरूच झालं. सकाळी चहानंतर दोन तास, दुपारी दोन तास. त्यांनी एक वही केली. त्यात विषय ठरवून लिहिले आणि नियमही. एका पानाला तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या लावायच्या नाहीत. "विविध" अशी चिठ्ठी लावायची नाही, कारण विविध म्हणजे आळस. जेवताना मला प्रश्न यायचे.

"हा लेख बघ. कोळ्यांची घरं, मासे सुकवणं, आणि मधेच याच्या आजोबांची गोष्ट. कुठे टाकू? खाद्य, इतिहास का आठवणी?"

"टाका ना कुठेही, आई."

"कुठेही टाकलं की कुठेच सापडत नाही."

नवरा हसायचा. त्याचं सगळं बालपण या वाक्यावर गेलेलं.

माझ्याबद्दलही बरंच बाहेर यायला लागलं. गीझर आतून साफ कसा करावा यावर माझ्याकडे नऊ लेख निघाले. फोन कमी कसा बघावा यावर सतरा. घावण्यांच्या कृती अकरा, आणि घावणे आमच्याकडे सासूबाईच करतात. मुलीला हे सगळं फार झकास वाटायचं. "मम्मा, तू फोन कमी बघण्यासाठी फोनवर सतरा लेख सेव्ह केलेस यार," असं ती मैत्रिणींसमोर सांगायची.

एकदा भांडणही झालं. सासूबाईंनी शंभरेक पानं काढूनच टाकली. मी बसमधून उतरता उतरता यादी उघडली तर कमी दिसली. घरी येऊन चढ्या आवाजात विचारलं.

"बाद केली," त्या शांतपणे म्हणाल्या. "दरवर्षी ग्रंथालयात करतात. फाटलेली, जुनी झालेली, कुणी नेत नाही अशी. त्यातली निम्मी उघडतच नव्हती. मूळ जागेवरूनच गेलेली."

"पण मला विचारायचं तरी!"

"कुठलं हवं होतं सांग, शोधून देते."

मला एकाचंही नाव सांगता येईना. राग आला होता तो तसाच राहिला. त्यांनी मात्र त्यानंतर एकही पान मला विचारल्याशिवाय काढलं नाही. वहीत एक पान आखून त्यावर "विचारून बाद" असं लिहिलं.

आता मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तेव्हा मी ती कुणालाच सांगितली नव्हती.

साधारण तीन वर्षांपासून मला डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं. एकदम नाही झालं. आधी नुसती बारीक शीळ वाजायची, पंखा बंद केल्यावर जास्त. मग फोन उजव्या कानाला लावायची सवय लागली. मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी नेहमी टेबलाच्या डाव्या टोकाला बसायला लागले, म्हणजे सगळे माझ्या उजवीकडे. ऑनलाइन मीटिंगला खाली अक्षरं उमटवणारी सोय लावून ठेवायची. कुणी काही विचारलं आणि कळलं नाही तर हसून मान हलवायची. कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या, डाळ दोनदा करपली. मी म्हटलं, कामाच्या विचारात होते.

डॉक्टरकडे गेले नाही. कारण माझी आई. बोरिवलीला माझ्या माहेरी आई शेवटची दहा वर्षं जवळपास बहिरी होती. लग्नकार्यात तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवायचे आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत राहायची. कुणी तिला "बरं आहे ना?" विचारलं तर ती "आत्ताच जेवले" म्हणायची आणि बाकीचे हसायचे. मीही हसलेय. तिला कानाचं मशीन आणलं होतं, ते तिनं कधी लावलं नाही, डब्यात तसंच राहिलं. डाव्या कानात शीळ वाजायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा ती खुर्ची दिसली.

मी काय केलं? बटण दाबलं. ऐकू कमी का येतं, चाचणी कशी करतात, मशीन कसली असतात, ऑफिसात कसं सांगावं. जे दिसेल ते सेव्ह केलं आणि बाजूला ठेवलं. बघायला हवं आहे हे मी कबूल केलंय, एवढं त्यातून मनाला पटायचं. आणि टॅबलेट सासूबाईंच्या हातात देताना ही पानं त्यात आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. इतकी ती माझ्या दृष्टीनं बाजूला गेली होती.

एका रविवारी सकाळी नवरा आणि मुलगी बाजारात गेली होती. मी कोथिंबीर निवडत होते. सासूबाई वॉकर घेऊन हळूहळू आल्या, माझ्या उजवीकडची खुर्ची ओढून बसल्या आणि टॅबलेट टेबलावर ठेवला.

"एक विचारायचं होतं. वर्गीकरणाचंच आहे."

"विचारा ना."

"ग्रंथालयात एक फळी असायची. ज्या पुस्तकाचं काय करायचं ते ठरत नाही, ते तिथं. ठरवायचं आहे, अशी चिठ्ठी. मी इथंही तशी केलीय. त्यात एकतीस पानं आहेत. बघ."

मी बघितलं. सगळी कानाची.

त्या म्हणाल्या, "आरोग्यात टाकता आली असती. पण एकाच विषयाची एकतीस पानं, तीन वर्षांत, थोडी थोडी करून जमवलेली. आणि एकही उघडलेलं नाही. भेंडीची भाजीसुद्धा तू उघडून बघितलीयस. ही नाही."

माझ्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. पहिल्यांदा आला तो रागच. "तुम्ही माझं सगळं वाचताय, आई? मी तुम्हाला वेळ जावा म्हणून दिलं होतं."

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी काउंटरवर बसले. कोण काय नेतं ते दिसायचंच. घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेणारी मुलगी, दारू सोडवायचं पुस्तक नेणारे प्राध्यापक. एकदाही कुणाला विचारलं नाही की हे कशाला हवं. विचारायचंच नसतं. म्हणून हेही विचारलं नाही. ही पानं दिसली त्याला आज तीन आठवडे झाले."

मी टॅबलेट उलटा करून ठेवला.

"पण तू वाचक नाहीस ना माझी," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज बदलला. त्या घरात प्रमाण मराठीच बोलतात. मालवणी त्यांच्या तोंडून मी फक्त त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलताना ऐकली होती. "माका कित्याक नाय सांगलंस गो?"

मला का नाही सांगितलंस, असं त्या बहिणीशी बोलतात तसं मला विचारत होत्या. मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. कोथिंबिरीची ताटली स्वतःकडे ओढून घेतली आणि उरलेली निवडायला लागल्या. थोड्या वेळानं मी आईचं सगळं सांगितलं, ती खुर्ची, "आत्ताच जेवले", आणि मी कशी हसले होते ते. माझ्या आईला त्या चांगल्या ओळखत होत्या. म्हणाल्या, "त्यांना ऐकू येत नव्हतं ते एक. त्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं ते दुसरं. दोन वेगळे विषय आहेत. तू एकाच चिठ्ठीत घातलेस."

तेव्हा मला एक लक्षात आलं. "तुम्ही हल्ली माझ्या या बाजूला बसता."

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "नवरा बघ तुझा, त्याला अजून कळलं नाही की त्याची खुर्ची बदललीय."

त्यांनी मला एक पान उघडायला लावलं. एकच. "बाकीची राहू देत. हे एक वाच, आत्ता, इथं बसून." मी वाचलं. चार मिनिटांचं होतं. त्यात भीतिदायक असं काहीच नव्हतं. एका बाईनं लिहिलं होतं की तिनं सात वर्षं टाळलं, आणि त्या सात वर्षांत तिचं सगळ्यात जास्त नुकसान ऐकू न येण्यानं नाही, तर ऐकू येतंय असं दाखवण्यानं झालं. खाली तपासणी कशी होते ते दिलेलं होतं. मी तीन वर्षं ते खिशात घेऊन फिरत होते.

बुधवारी मी अर्धा दिवस सुट्टी टाकली. सासूबाई म्हणाल्या, मी येणार. मी म्हटलं, तुमचे गुडघे. त्या म्हणाल्या, "गुडघे बदलले ते घरात ठेवायला नाही." वॉकरऐवजी काठी घेऊन रिक्षातून मुलुंड पश्चिमेला गेलो. कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि तपासणीला पाठवलं. एक छोटी खोली, भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं. कानांवर हेडफोन. हातात बटण. आवाज आला की दाबायचं.

उजव्या कानाचं पटपट झालं. डाव्याची पाळी आली आणि मी वाट बघत बसले. काचेपलीकडे तपासणारी मुलगी समोरची कळ फिरवत होती, म्हणजे आवाज चालू असणार. मला काही येत नव्हतं. शिळेच्या आत आवाज आहे की शीळच आवाज आहे, कळेना. एक-दोनदा अंदाजानं दाबावंसं वाटलं. ऑफिसात हसून मान हलवते तसं. दाबलं नाही. आला तेव्हाच दाबलं.

बाहेर डॉक्टरांनी एक आलेख दाखवला. उजव्या कानाची रेघ वर, डाव्याची खाली उतरत गेलेली. जे गेलं ते परत येणार नाही, पण मशीननं पुष्कळ फरक पडेल आणि आधी आला असतात तर सवय सोपी गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी तो कागद घेऊन नीट घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे दिला नाही.

संध्याकाळी घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "मी तुला परवा केवढा ओरडलो, ऐकत नाहीस म्हणून." त्याला ते फार लागलं. पण मुलीचं मला अपेक्षित नव्हतं. ती उठून खोलीत गेली. मी मागून गेले. ती पलंगावर पाठ करून पडली होती.

"काय झालं गं?"

ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी तसं म्हणाले. "मला ऐकू नाही आलं. परत सांग." हे वाक्य मी तीन वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं असेल.

ती वळून बसली. "मला वाटायचं तू लक्षच देत नाहीस. मी काहीतरी सांगायचे आणि तू हं हं करायचीस. मग मी म्हणायचे जाऊ दे. मला वाटायचं तुला बोअर होतं माझं."

तिचं ते "जाऊ दे" मला आठवत होतं. ते मात्र दर वेळी ऐकू यायचं. मी तिच्या शेजारी बसले. काय काय सांगायचं राहिलंय ते परत सांग, म्हटलं. ती म्हणाली, "आता थोडंच लक्षात आहे, वेडी आहेस का तू?" आणि हसली. तरी दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली एक तिच्या वर्गातल्या मैत्रिणीशी झालेल्या अबोल्याची होती, आणि तो अबोला केव्हाच मिटूनही गेला होता.

ऑफिसात सांगायला मला आणखी पंधरा दिवस लागले. एकतीसपैकी सहा पानं याच विषयावरची होती. ती सगळी वाचून गेले. आमच्या टीमच्या प्रमुखाला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "अगं मग आधी सांगायचंस ना," आणि दुसऱ्या दिवसापासून मीटिंगमध्ये एका वेळी एकानंच बोलायचं असा नियम केला. सगळ्यांनाच तो आवडला. इतक्या मोठ्या भीतीचा इतका साधा शेवट झाला याची मला थोडी लाजच वाटली.

मशीन आलं. शेंगदाण्याएवढं, केसांत लपणारं. पहिले आठ दिवस नकोसे होते. प्लास्टिकची पिशवी चुरगळली की कानात फटाके. नळाचं पाणी, बांगड्या, स्वतःचं चावणं. मी दोनदा काढून डबीत ठेवलं. सासूबाई बघायच्या, बोलायच्या नाहीत. तिसऱ्या वेळी काढायला गेले तेव्हा म्हणाल्या, "पंधरा मिनिटं आणखी ठेव. मग काढ." पंधराची तीस झाली. हळूहळू आवाज आपापल्या जागी जाऊन बसले.

त्या दिवसांतलीच एक दुपार. मी घरूनच काम करत होते. चहा टाकायला स्वयंपाकघरात आले आणि बाहेरच्या खोलीतून कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं. मला वाटलं शेजारच्या काकू आल्यात. दारातून बघितलं तर सासूबाई एकट्याच होत्या. टॅबलेट मांडीवर, चष्मा नाकावर, आणि लेखाशी बोलणं चालू होतं. "असं कसं म्हणतोस रे बाबा... हं, हे बरोबर... नाही, नाही, हे तुला कुणी सांगितलं?" मधेच हसल्या. मग पुढे वाचायला लागल्या.

नंतर मी नवऱ्याला विचारलं, "आई वाचताना बोलतात, हे तुला माहीत आहे?"

तो म्हणाला, "म्हणजे काय. लहानपणापासून. ग्रंथालयात तीस वर्षं गप्प बसून वाचावं लागलं ना, त्याची भरपाई घरी. तुला माहीत नव्हतं?"

लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. पहिली पंधरा वर्षं माझे दोन्ही कान चांगले होते. तेव्हाही मी ते कधी ऐकलं नव्हतं. त्या दुपारी मात्र चहा उकळून अर्धा होईस्तोवर मी दारातच उभी राहिले.